ठाण्यापुढून तिसऱ्या गिअरमध्ये

कडुलिंबाचा पाला कडू लागतो. नाही लागला, तर अंगात विष आहे असं समजतात.

ताडपत्रीचे तीन कोपरे सुतळीनं बांधलेले होते. चौथा मोटारसायकलच्या क्लच वायरनं, कारण सुतळी संपली होती.

"पायानं ऐका, वहिनी. कान काई कामाचे नाईत."

मळणीयंत्राचा नंबर सकाळी अकराचा.

साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातला की सोयाबीनच्या शेंगा दंडाला टोचत नाहीत.

ओढा ओलांडायच्या आधी देवाच्या ठाण्यावर उतरायचं. ज्याला उतरता येतं तो उतरतो. ज्याला येत नाही त्याला उतरवतात.

एका माणसाचा श्वास दुसऱ्याच्या मानेवर गरम लागतो. लागायचा थांबला तर

न्यूट्रल

दहा वाजले होते. हरिओम सुडीवरची ताडपत्री काढत होता. सोंगून रचलेलं सोयाबीन पंधरा दिवस तिच्याखाली झाकलेलं होतं; आत ऊब होती, उंदीर होते, आणि उंदरांच्या मागं आलेलं आणखी काही होतं. तीन कोपरे सुटले. चौथ्याच्या वायरचा पीळ सुटेना, म्हणून त्यानं हात आत घातला.

"आय्!"

हात झटकत तो मागं सरला. त्याच्या बायकोनं, सुवर्णानं, फणा पाहिला. बांधावरून त्याची आई सुभद्राबाई धावत आली. तिनं त्या प्राण्याचं नाव घेतलं नाही. तिच्या गावात कोणी घेत नाही.

"पान लागलं वं माय. माह्या लेकराले पान लागलं."

मग ती बांधावरच्या कडुलिंबाकडं पळाली. मूठभर पाला ओरबाडून तिनं हरिओमच्या तोंडात कोंबला.

"कडू लागते का रे?"

"हाव."

"खरं सांग."

"लय कडू हाय, आई. जहर नाई गेलं आत. नुसतं खरचटलं."

सुभद्राबाई मटकन खाली बसली आणि रडत रडत हसली. पदरानं त्याच्या हाताचं रक्त पुसलं. यात वीस मिनिटं गेली. हरिओम पाणी प्यायला माठाकडं गेला, माठाच्या शेजारी हात घालून ग्लास शोधत राहिला, आणि हळू आवाजात सुवर्णाला म्हणाला, "तू दोन दोन दिसून राह्यली मले."

"काय?"

"पाला कडू नोता लागला. आई घाबरली असती."

सुवर्णानं अँब्युलन्सला फोन लावला. गाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. पाऊण तास लागेल म्हणाले. मग तिनं आसमाला लावला. आसमा चिखलीच्या एका दवाखान्यात नर्स आहे, अमडापूरच्या वाहेद मिस्त्रीची मुलगी.

"पापण्या वर करून सोडा भाभी. राहतात?"

"नाई. पडतात."

"मग ऐका. आधी डोळे, मग गळा, मग सास. सास बंद पडली तर मशीन लागते, ती आमच्याकडं आहे. इंजेक्शनं मी काढून ठेवते. मोटारसायकलवर मधात बसवा आणि निघा."

"हाव."

"आणि भाभी, कुठं थांबू नका. कुठंच म्हणजे कुठंच. तुमच्या गावचे लोक कुठं थांबतात ते मला माहीत आहे."

पहिला

सुवर्णा पुढं. तिला चिकटून हरिओम. त्याच्या मागं सुभद्राबाई, दोन्ही हातांनी लेकाचं डोकं धरून. सुवर्णानं तोंडाला बांधायचा स्टोल काढून हरिओमला स्वतःच्या पाठीशी आवळून बांधला, गाठ पोटावर. त्याचे हात तिच्या कमरेभोवती आणून बोटांत बोटं अडकवली.

"मी गिअरचा आकडा सांगन," ती म्हणाली. "सांगतला का बोट दाबायचं. समजलं?"

बोट दाबलं गेलं.

"ठाण्यावर पाच मिनटं," मागून सुभद्राबाई म्हणाली. "पुंजाजीले फोन केला म्या. तो तयार हाय."

सुवर्णानं किक मारली.

अकरा वर्षांपूर्वी तिचे सासरे नारायणराव याच ठाण्यावर होते. दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत. पुंजाजी भगतानं सात गाठींचा दोरा बांधला, उतरवला, परत बांधला. सुवर्णा तेव्हा नवी सून होती. समई विझू नये म्हणून तिला वाऱ्याच्या बाजूला बसवलं होतं. समई विझली नाही. सुभद्राबाईचं म्हणणं, नारायणरावांना ओढ्याच्या पलीकडच्या शेतात पान लागलं, ओढा ओलांडूनच त्यांना आणावं लागलं, म्हणून ते गेले. पाण्यानं जहर चढतं. पुंजाजीही तेच म्हणाला होता, आणि म्हणताना तो खरोखर रडत होता.

हरिओमला पान लागलं ते ओढ्याच्या अलीकडं. म्हणजे वेळ आहे. म्हणजे ठाण्यावर उतरायचं.

"पहिला!"

बोट दाबलं गेलं.

दुसरा

पांदण. दोन चाकोऱ्या, मधे गवत. हरिओमची हनुवटी तिच्या खांद्यावर आपटत होती. त्याची लाळ शर्टातून आत उतरत होती. शर्ट त्याचाच होता.

"हळू वं! मान मोडशीन त्याची!"

"तुमी धरा ना घट्ट!"

"धरलंच हाय!"

"दुसरा!"

बोट.

तिसरा

उतार. उताराच्या तळाशी ओढा, ओढ्याच्या अलीकडं कडुलिंबाखाली ठाणं. शेंदूर फासलेले पाच दगड, पत्र्याची शेड, ध्वज. पुंजाजी रस्त्याच्या मधोमध उभा होता. डाव्या हातात तांब्या, उजव्या हातात कडुलिंबाचा डहाळा. सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, चेहरा काळजीनं ओढलेला. त्याच्या शेजारी गावातले दोघं, हरिओमला उचलून घ्यायला हात पुढं करून.

"थांबव. आलं ठाणं."

मानेवर श्वास. गरम. मग थोडा वेळ काही नाही. मग गरम.

"सुवर्णे, थांबव!"

शंभर पावलं.

"वायर तुटली!" सुवर्णा ओरडली. "क्लचची वायर तुटली, आत्याबाई! थांबली तं गाडी बंद पडन, मंग चालू होणार नाई!"

"पडू दे बंद! उतरव त्याले!"

"मंग पुढं कशावर नेता?"

"उतरव म्हणते ना!"

सुवर्णानं हॉर्नवर अंगठा दाबला तो काढलाच नाही. गावातले दोघं बाजूला उड्या मारून गेले. पुंजाजी हलला नाही. तो डहाळा हलवत होता आणि काही बोलत होता; हॉर्नमध्ये ऐकू येत नव्हतं. दहा पावलं उरली तेव्हा त्याला कळलं की ही बाई थांबणार नाही. तो एका बाजूला झाला आणि जाता जाता तांब्यातलं पाणी त्यानं हरिओमच्या तोंडावर फेकलं. अर्धं सुवर्णाच्या कानात गेलं.

ओढ्यावरच्या फरशीवरून घोटाभर पाणी वाहत होतं. गाडी त्यात शिरली, दोन्ही बाजूंना गढूळ पाणी उडालं, पलीकडं निघाली.

सुभद्राबाई आधी ओरडली नाही. पाणी मागं पडल्यावर ओरडली. तो आवाज सुवर्णाला पाठीतून ऐकू आला, नवऱ्याच्या छातीतून आरपार येऊन.

"तिसरा," ती म्हणाली. "तिसराच हाय अजून. दाबा बोट."

बोट उशिरा दाबलं गेलं.

दोन वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी

गाडीवर वांग्यांचे दोन क्रेट आणि मेथीच्या जुड्या. अमडापुरात शिरताना वायर तुटली होती. वाहेद मिस्त्रीच्या दुकानात वायर संपलेली. चिखलीहून यायची होती.

"तोवर मेथी सुकन वाहेदभाई."

"मंग बिना क्लचची चालवा."

"मजाक करून राह्यले का?"

"मजाक कायले? क्लच म्हणजे काय, इंजन आन् चाकाचं भांडण सोडवणारा माणूस. त्याईचं भांडणच नसलं, तं त्याचं काय काम?"

त्यानं तिला चप्पल काढायला लावली. अनवाणी पाय गिअरवर ठेवायला लावला.

"पुढं दाबायचं, पण जोर नाई. नुसतं वजन ठेवा. आता रेस सोडा, एकदम. सुटली? त्या टायमाला इंजन ना ओढून राह्यलं, ना अडवून राह्यलं. तेवढ्यात पाय सोताच खाली जाते. गेला?"

गेला होता. लोण्यात सुरी जावी तसा.

"आन् जोर केला तं?"

"जोर केला तं दात तुटतात. गिअरचे." वाहेद हसला. "खाली आणताना टाचेनं. रेस जराशी द्यायची मधात. थांबायचं असन तं आधीच न्यूट्रल. पण एक सांगतो वहिनी, थांबू नका. थांबलं का परत उचलाले चार माणसं लागतात."

पुढच्या बाजाराला त्यानं नवी वायर बसवली आणि एक जादा वायर टाकीखालून तिच्याच शेजारी ओवून ठेवली. परत तुटली तर दोन मिनिटांत जोडता यावी म्हणून. तीच वायर हरिओमनं पंधरा दिवसांपूर्वी ओढून काढली. ताडपत्री उडत होती.

चौथा

डांबरी रस्ता. उंद्री गाव मागं पडलं. अमडापूर यायचं होतं.

डाव्या हाताची मूठ सैल पडली होती. लिव्हर खडखडत लोंबत होता. चप्पल ओढ्यात की पांदणीत कुठं तरी गेली होती. अनवाणी पाय गिअरवर, त्यातून सगळं इंजिन वर पिंडरीपर्यंत येत होतं.

वजन ठेव. रेस सोड. जातो. रेस दे.

वजन ठेव. रेस सोड. नाही गेला. घर्रर्र. तळपायाला दात लागल्यासारखं झालं.

परत. वजन. सोड. गेला.

"चौथा!"

बोट नाही.

"चौथा म्हणलं ना! अहो!"

बोट नाही.

"आत्याबाई, श्वास पाहा त्याईचा!"

सुभद्राबाई पुटपुटत होती, देवाला की लेकाला ते कळत नव्हतं. "माफ कर बापा... वायर तुटली बापा... पोरीनं मुद्दाम नाई केलं..."

"आत्याबाई! नाकापुढं हात धरा!"

"येऊन राह्यला. लय बारीक येऊन राह्यला."

रस्त्यावर मेंढ्या. शंभर, दीडशे. धनगर काठी आडवी धरून चाललेला. सुवर्णा हॉर्न वाजवत रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरली, टाचेनं तिसरा, टाचेनं दुसरा, गाडी आचके देत मेंढ्यांच्या पोटांना घासत गेली. धनगरानं शिवी दिली, मग मधला माणूस पाहिला आणि उरलेली शिवी गिळली.

परत वर. दुसरा. तिसरा. बोट नाही.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव दोनदा घेतलं होतं, दोन्ही वेळा उखाण्यात. बँकेतही ती कागद पुढं करून बोटानं दाखवायची.

"हरिओम!"

मागं सुभद्राबाईचं पुटपुटणं थांबलं.

"हरिओम! झोपला का रे? ऊठ! चौथा टाकून राह्यली मी, चौथा! दाब!"

कमरेवर, बेंबीच्या वर, काहीतरी हललं. दाबलं नाही. हललं.

"अजून बोलाव," सुभद्राबाई म्हणाली. "नाव घेऊन बोलाव त्याले."

तिसरा. दुसरा. पहिला.

अमडापूरला बाजार होता. हे तिला माहीत होतं. सकाळी सातला स्वतःच तिनं म्हटलं होतं, आज मळणी, बाजार बुडला. निघाल्यापासून ते तिला आठवलं नव्हतं.

रस्ता माणसांनी भरलेला. बेसनाच्या कढया, टोपल्या, चपलांचे ढीग, बकऱ्या, मुलाला खांद्यावर घेऊन मागं न पाहता चालणारे बाप. ती पहिल्यात आली. पहिल्याच्या खाली फक्त न्यूट्रल. गाडी चालण्याच्या वेगानं चालली, इंजिन ठेचकाळत होतं, प्रत्येक ठेचेला हरिओमचं कपाळ तिच्या मानेवर आपटत होतं.

"सरका! सरका ना! पेशंट हाय!"

कांद्याचा टेम्पो मागं येत होता. आडवा झाला. रस्ता संपला.

ब्रेक. आचका. उशिरा टाचेनं न्यूट्रल. शांतता.

न्यूट्रल

इंजिन बंद पडल्यावर बाजाराचा आवाज एकदम मोठा झाला.

"अवो ताई, क्लच दाबा ना! ब्रेकच दाबता नुसता!"

"गाडी बाईच्या हाती देऊन हा पाहा कसा झोपला."

"पेला असन सकाऊनच."

"तिघं तिघं, त्यात म्हातारी! पोलीस पाह्यले का मावशे?"

"पान लागलं रे त्याले!" सुभद्राबाई किंचाळली. "पेला नाई रे माहा लेक, पान लागलं!"

हसणारे गप्प झाले. मग सगळे एकदम बोलू लागले. टेम्पो मागं घ्या. अरे आधी पुढं घे. पाणी द्या त्याले. पाणी नका देऊ. मिरच्या चारा, तिखट लागते का पाहा. कोणी तरी खरंच टोपलीतून मिरची उचलली.

सुवर्णा दोन्ही पायांवर तीन माणसांचं वजन तोलून उभी होती. मानेवर श्वास होता का ते तिला कळत नव्हतं, कारण गर्दीचाच श्वास सगळीकडं होता. ती किक मारायला पाय उचलू शकत नव्हती. पाय उचलला असता तर सगळे पडले असते.

"हटो! हटो सब! वहिनी!"

वाहेद मिस्त्री. हात कोपरापर्यंत काळे, लुंगी वर खोचलेली. दुकान पन्नास पावलांवर होतं. त्याला आवाज ऐकू गेला होता की आसमाचा फोन आला होता, हे तिनं नंतरही विचारलं नाही. त्यानं लोंबणारा लिव्हर पाहिला.

"पाच मिनटं द्या. नवी टाकतो."

"पाच मिनटं नाईत माह्यापाशी."

"स्पेअर देल्ती ना म्या टाकीखाली? दोन मिनटात जोडतो."

"ताडपत्रीले बांधली याईनं."

वाहेदनं हरिओमच्या मिटलेल्या पापण्यांकडं पाहिलं. लिव्हरखालून आलेलं वायरचं तुटकं टोक त्यानं बोटांत धरलं. हँडलवर ओढ्याचा चिखल वाळला होता, लिव्हरवर वाळला होता, वायरच्या काळ्या नळीवर वाळला होता. तुटलेल्या तारा तेवढ्या पिंजारून चकाकत होत्या.

"कवा तुटली?" त्यानं विचारलं.

"ठाण्याच्या आधीच तुटली बावा," सुभद्राबाई म्हणाली. "म्हणून तं उतरता आलं नाई. ओढा ओलांडला आमी त्याले घेऊन. त्याचंच होऊन राह्यलं हे सगळं. गाडी बी थांबवली देवानं, पाह्य ना."

वाहेदनं चकाकणाऱ्या तारा पाहिल्या. सुवर्णाकडं पाहिलं. सुवर्णानं टेम्पोच्या मागच्या फळीकडं पाहिलं.

"हाव, मावशी," वाहेद म्हणाला. "वायर अशी एकदम नाई तुटत. आधीपासूनच तुटत येते, एक एक तार." त्यानं टोक सोडून दिलं. "ए पोट्टेहो! दोघं इकून, दोघं तिकून. बिलकिसबी, टोपली हटवा. टेम्पोले मी पाह्यतो. वहिनी, न्यूट्रल हाय?"

"हाय."

त्यानं स्वतः वाकून हातानं किक मारली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

"आमी पळतो. गाडी पळाली का मंग पह्यला. रेस सोडून, हळूच. झटका बसन. मावशी, लेकाले सोडू नका."

"मी नाई सोडत."

"चल! मार धक्का!"

मघाशी हसलेले चारजण पळत होते. एकाची टोपी पडली, तो थांबला नाही. वाहेद डावीकडून हँडल धरून पळत होता, खोचलेली लुंगी सुटून, अनवाणी. "अजून! अजून! ... आता!"

वजन. सोड.

झटका असा बसला की स्टोलची गाठ तिच्या पोटात घुसली. गाडी मेली नाही.

पहिला.

"जा!" मागून कोणी तरी ओरडलं. "जा माय, जा!"

दुसरा.

तिसरा.

चौथा

चिखली वीस किलोमीटर.

यातलं तिला पुढं फार थोडं आठवलं. सोयाबीनचं कुटार वाहणारा ट्रॅक्टर. एका शाळेपुढचा गतिरोधक, जो तिनं तिसऱ्यातच घेतला आणि तिघंही हवेत उचलले गेले. "हरिओम" हे नाव, जे इतक्या वेळा घेतलं की नुसता आवाज उरला. डाव्या पायाचा अंगठा फुटला होता आणि गिअर निसरडा झाला होता.

आणि हे: तिनं हिशेब केला होता. तो मेला तर काय, याचा. ठाण्यापुढून नेताना नव्हता केला, तेव्हा वेळ नव्हता. आता चौथ्यात, सरळ रस्त्यावर, वेळ होता. तो मेला तर सासू म्हणेल, ठाण्यावर थांबलो असतो तर वाचला असता. आणि गाव म्हणेल. आणि पुंजाजी काही म्हणणार नाही, नुसता रडेल. ते लोक आयुष्यभर चुकीचं बोलत राहतील, आणि ते चूक आहे हे सिद्ध करायला तिच्याजवळ एकच गोष्ट असेल. मानेवरचा श्वास.

तो शेवटच्या दोन किलोमीटरला लागेनासा झाला.

"आत्याबाई."

"मी नाई पाह्यत," सुभद्राबाई म्हणाली. "तू चालव."

दुसरा

दवाखान्याच्या फाटकातून ती दुसऱ्यात आत शिरली, पायऱ्यांच्या बाजूचा उतार चढली आणि थेट पोर्चमध्ये ब्रेक दाबला. न्यूट्रल टाकलं नाही. इथं गाडी बंद पडली तरी चालत होतं.

आसमा स्ट्रेचर घेऊन उभी होती. स्टोलची गाठ सुटेना. तिनं कात्रीनं कापली. हरिओम मागं कलंडला तेव्हा सुवर्णाच्या पाठीला एकदम गार वारा लागला.

"नाडी आहे," आसमा म्हणाली. "सास नाही. सर! सास नाही!"

रबरी पिशवी तोंडावर बसली. दाब, सोड. दाब, सोड. चालत्या स्ट्रेचरबरोबर आसमा पळत होती आणि पिशवी दाबत होती. दार बंद झालं.

सुवर्णा पोर्चमध्ये फरशीवर बसली. तिचा डावा पाय अजून, आपोआप, पुढं दाबला जात होता.

मशीन

पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, थांबा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेरच्या बाकावर सुभद्राबाई म्हणाली, "थांबलो असतो पाच मिनटं तं." ती रागानं म्हणाली नाही. तिनं सुवर्णाच्या फुटलेल्या अंगठ्याला स्वतःच्या हातानं हळद लावली आणि लावता लावता म्हणाली. "तुहा दोष नाई. वायरच तुटली, तू काय करशीन."

सुवर्णानं तोंड उघडलं. अंगठा झोंबत होता. तिनं तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी तिला आत सोडलं. नळी घशात, मशीन छाती वर उचलत होतं, खाली सोडत होतं. पापण्यांना चिकटपट्टी. तिनं आपलं बोट त्याच्या मुठीत सरकवलं.

"पहिला," ती म्हणाली.

काही नाही.

"दुसरा."

मशीन. वर. खाली.

"तिसरा, हरिओम."

त्यानं दाबलं.

पहिला

नळी पाचव्या दिवशी निघाली. आवाज बसलेला होता. त्यानं आधी पाणी मागितलं, मग मळणी झाली का विचारलं.

आसमानं सुभद्राबाईला बाजूला घेऊन समजावलं, तुमच्या सुनेनं वाटेत दहा मिनिटं जास्त लावली असती तर मशीनसुद्धा काही करू शकलं नसतं, मावशी. सुभद्राबाईनं दोनदा विचारून घेतलं. दहा मिनिटं? दहा.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती नारळ घेऊन ठाण्यावर गेली. सुवर्णाला सोबत नेलं. वाहेदनं नवी वायर बसवताना काढलेली जुनी वायर तिनं मागून घेतली होती, तीही पिशवीत होती.

"त्यानंच तोडली," तिनं पुंजाजीला सांगितलं. "थांबलो असतो तं गेला असता म्हणते नर्सबाई. देवाले माहीत होतं. म्हणून आमी थांबूच नाई, याच्यासाठी त्यानं ठाण्याच्या आधीच वायर तोडली."

पुंजाजीनं वायर दोन्ही हातांत घेतली. तिच्या पिंजारलेल्या टोकाला हळदकुंकू लावलं. मग कडुलिंबाच्या खालच्या फांदीला, जुन्या दोऱ्यांच्या शेजारी, ती बांधली. पीळ घट्ट बसला की नाही ते ओढून पाहिलं.

"हात जोड, सुवर्णे," सुभद्राबाई म्हणाली.

सुवर्णानं हात जोडले.

क्लचची वायर तुटली ती ओढा ओलांडून डांबरी रस्त्याला लागल्यावर, ठाणं अडीच किलोमीटर मागं राहिल्यानंतर.